आईच्या तोंडावर उजेड

दादानं पहिला व्हिडिओ पाहिला आणि खाली एकच शब्द लिहून पाठवला : अंधार.

माझं डोकंच फिरलं. आईला समजावून, तिची वेणीफणी होईपर्यंत थांबून, खुर्चीवर नीट बसवून मी तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला होता. सकाळ त्यात गेली, कॉलेजला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली ती वेगळीच. आईचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता. पण माझ्या भावाला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही. तो ओठ वाचतो, आणि माझ्या व्हिडिओत आईला ओठच नव्हते. मागे खिडकी लख्ख, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी लख्ख, टाकीवरचा कावळा चोचीसकट दिसत होता. आणि खुर्चीत एक काळा ठोकळा बसून मान हलवत होता.

दादा सिकंदराबादला राहतो, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. आई आणि मी इकडे हैदराबादेत, नल्लकुंट्याला. मधे एका बसचं अंतर. मला तो भेटतो, सणावाराला मी त्याच्याकडे जेवून येते, पण गेल्या सत्तावीस वर्षांत तो आईच्या दारात आला नाही आणि आईला त्यानं आपल्या दारात येऊ दिलं नाही. आता त्याच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. पत्रिका आली ती माझ्या एकटीच्या नावानं. आईनं चष्मा लावून ती दोनदा वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली आणि म्हणाली, "माझं नाव नाही की गं यात."

मी दादाला मेसेज केला, आता तरी पुरे कर, एक्याऐंशी वर्षांची झाली ती. त्याचं उत्तर आलं : ज्या तोंडानं बोलली त्याच तोंडानं सांगू दे, चुकलं म्हणून. मला दिसलं पाहिजे. मग या म्हणेन.

काय बोलली होती तेही सांगून टाकते. दादाची बायकोही त्याच्यासारखीच, ऐकू न येणारी. दोघांनी आपलं आपण ठरवलं. आई लग्नाला आली, ठेवणीतलं लुगडं नेसून आली. अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या आधी हॉलच्या पार मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसून ती माझ्या कानाशी म्हणाली, "दोघं सारखीच. यांना मूलबाळ न झालेलंच बरं गं बाई." बाहेर बँड वाजत होता, पुढच्या खुर्चीवरच्या माणसाला ऐकू गेलं नसतं. पण व्हिडिओवाल्यानं नेमका तेव्हाच आपला मोठा दिवा पाहुण्यांकडे फिरवला, आणि स्टेजवर उभ्या असलेल्या दादानं एवढ्या लांबून ते वाक्य वाचलं. हार गळ्यात होता त्याच्या. तो आमच्याकडे बघत राहिला, मी त्याला हात केला, त्यानं तोंड फिरवलं.

आणि त्याला हे वाचायला शिकवलं कुणी? आईनंच! तेव्हा आम्ही बरकतपुऱ्याला भाड्याच्या घरात होतो. रोज सकाळी आई त्याला समोर बसवायची, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायची आणि एकेक शब्द पन्नास पन्नास वेळा म्हणायची. खिडकी पूर्वेला होती. त्याची पाठ खिडकीकडे, आपलं तोंड खिडकीकडे, म्हणजे उजेड ओठांवर पडेल. मी धाकटी, मला मधे यायची बंदी होती. सावली पडते म्हणून ओरडा खायचे. उजेड कुठून यावा हे ज्या बाईला तेव्हा कळत होतं, ती आता खिडकीला पाठ लावून बसायला निघाली होती.

मग टाइप करून का नाही पाठवत, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. दादानं लिहिलं : तू चांगलं करून लिहितेस. खरं होतं ते. त्याची मुलगी झाली तेव्हा आईनं मला पहिला प्रश्न विचारला होता, "ऐकू येतं का तिला?" आणि मी त्याला चिठ्ठी लिहिली, आई विचारते बाळ कसं आहे, बाळंतीण कशी आहे. प्रत्येक चिठ्ठीखाली, पुढं प्रत्येक मेसेजखाली, मी आईचा आशीर्वाद लिहीत आले. आईनं तो दिलेला असो वा नसो.

मग समोरासमोर तरी भेटा! त्यालाही नाही. समोर आली की ती रडेल, म्हणे, मग मलाच तिची समजूत काढावी लागेल. व्हिडिओ पाठव. मी एकटा बघेन, थांबवून थांबवून बघेन.

बरं. अंधार, तर अंधार. मी आईला म्हटलं, खुर्ची फिरव, खिडकीकडे तोंड कर. आमच्या हॉलला एकच खिडकी, दक्षिणेला. आई म्हणाली, "दक्षिणेकडं तोंड करून मी नाही बसायची. नातीच्या लग्नाचं बोलायचं आणि यमाकडं बघत बोलू?" मी म्हटलं, आई, तिथं यम नाही, पाण्याची टाकी आहे. "तुझ्यासाठी टाकी असेल," ती म्हणाली आणि पाय दुमडून दिवाणावर जाऊन बसली. झालं. तासभर उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पडदे ओढले, ट्यूबलाइट लावली, शिवाय स्वयंपाकघरातला दिवा काढून आणून हॉलमध्ये लावला. आता मागून उजेड येत नव्हता. फोनमध्ये शटर का काय ते आपल्या हातानं बदलायची सोय असते, तीही उघडली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं जमू नये? एक आकडा वर नेला, एक खाली आणला. आईचं तोंड चांगलं दिसलं. पण त्या तोंडावरून काळसर पट्टे वर सरकत होते, एकामागून एक, कपाळावरून निघून गेले की हनुवटीवर नवीन हजर. मला वाटलं फोन बिघडला. पाठवला तसाच. उत्तर : पट्टे.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर नेली. गुडघे धरत धरत दोन मजले चढली बिचारी. दहाचं ऊन, आई ऊन लागतं म्हणून डोळे मिचकावून, ओठ वाकडे करून बोलली, आणि कपाळ, नाक, गाल सगळं चुन्यानं सारवल्यासारखं पांढरं. उत्तर : पांढरं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. सत्तावीस वर्षं घरात न आलेला माणूस तिकडे बसून एकेक शब्दात निकाल देतो! मी त्याला लिहिलं, तूच ये आणि काढ. त्यानं अंगठा पाठवला. अंगठा! त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि आईनं ते मुकाट्यानं खाल्लं, त्याचाही मला राग आला.

शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाचं दुकान आहे, तिथे गेले. दाढीवाला, वयस्कर, पान खाणारा. तिन्ही व्हिडिओ त्यानं शांतपणे बघितले. ताई म्हणावं तसं म्हणाला, "बाजी, कैमरे कू क्या मालूम अम्मा का मूँ किधर हाय? उसकू सब एकीच." मग त्यानं समजावलं ते असं : फोन सगळ्या चित्राचा मिळून उजेड बघतो. खिडकी मोठी नि तोंड छोटं, तर तो खिडकीचं ऐकतो. अम्मांना खिडकीच्या बाजूला बसवा, उजेड एका गालावर येऊ द्या, दुसऱ्या गालाकडे पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे उजेड उलटून येईल. पट्टे आले ते विजेच्या दिव्यांमुळे. दिवे बंद ठेवा, नसेल जमत तर शटर पन्नासवर आणा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोनमध्ये अम्मांच्या तोंडावर बोट ठेवा आणि दाबून धरा, कुलूप दिसेपर्यंत. मग फोन आपलं डोकं चालवणार नाही, खिडकी पांढरीफट पडली तरी पडू द्या. "खिडकी जल गयी तो जलने दो. खिडकी की शादी है क्या?"

घरी येऊन मी त्याचं सगळं ऐकलं. आईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, यावर तिची हरकत नव्हती. उजव्या हाताला खिडकी. डाव्या हाताला गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा पांढरा तक्ता स्टुलावर उभा केला, त्यावर मोराचं अर्धं पीस अजून चिकटलेलं. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवला. आईच्या तोंडावर बोट ठेवलं. काय सुंदर दिसत होती! इतक्या वर्षांत मी तिच्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं. वरच्या ओठावरच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या.

"बोल," मी म्हटलं.

आई बोलली. बाळा, तुझ्या लग्नात मी जे बोलले ते माझं चुकलं, आता पोरीच्या लग्नाला मला येऊ दे. एवढंच. रोजचंच वाक्य होतं ते, आम्ही दोघींनी मिळून ठरवलेलं. मी ऐकलं, खूश झाले, पाठवून दिलं.

उत्तर : शब्द अंधारात.

मी फोन दिवाणावर आपटला. मग उचलून बघितलं. खरंच, मधेच एका जागी चित्र काळवंडलं होतं नि दोन क्षणांनी परत उजळलं होतं. म्हणजे कुलूप लागलंच नव्हतं. मी बोट नुसतं टेकवलं होतं, दाबून धरलं नव्हतं. आईनं नाक पुसायला पदर वर नेला, तिचा तो मोतिया रंगाचा सुती पदर, तेवढ्यानं फोनला वाटलं उजेड वाढला, त्यानं चित्र काळं केलं. पदर खाली आला तरी त्याला शुद्धीवर यायला वेळ लागला. चूक माझीच. त्या दुकानदारानं दोनदा बजावलं होतं.

लग्नाला चार दिवस राहिले होते. आईनं नेसायची साडी काढून दिवाणाच्या कडेला ठेवली होती, वर ब्लाउज, वर रुमाल. बोलवणं नसताना. मला ते बघवेना. "उचल ती साडी तिथून," मी ओरडले. तिनं उचलली नाही. मी परत फोन चळतीवर टेकवला, परत तक्ता उभा केला, या वेळी बोट कुलूप दिसेपर्यंत दाबून धरलं. आई परत तेच बोलली. ऐकलं तर सगळं जागच्या जागी.

पाठवायच्या आधी एकदा नीट बघावं म्हणून मी उघडला. आईचा जेवणानंतर डोळा लागला होता, म्हणून आवाज बंद ठेवला.

आणि मग मला दिसलं.

चित्र कुठंही काळं झालं नाही. फोननं यावेळी काही केलंच नाही. 'तुझ्या लग्नात मी जे बोलले ते' इथपर्यंत ओठ स्वच्छ हलले. मग आईचा हात आला, पदर आला, आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द पदराआड गेले. पदर खाली आला तेव्हा ओठ 'आता पोरीच्या' म्हणत होते. आवाज चालू असता तर मला पदराचं भानही राहिलं नसतं. कानाला शब्द मिळाला की आम्हाला पुरतं.

मी मागचे चारही व्हिडिओ उघडले. आवाज बंद करून. अंधारातल्या काळ्या ठोकळ्याचा हात तिथंच वर जात होता. पट्ट्यांमध्येही तिथंच. गच्चीवर तर तिनं सरळ घाम टिपण्याचं निमित्त केलं होतं. पाच दिवस मी फोनला, ट्यूबलाइटला, उन्हाला, दादाला, स्वतःला शिव्या घालत होते, आणि ही बाई रोज नेमक्या त्या दोन शब्दांवर पदर घेत होती!

मी तिला हलवून उठवलं. हो, उठवलं, एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला दुपारच्या झोपेतून. "हे काय आहे?" फोन तिच्या नाकासमोर धरला. "हे काय चाललंय तुझं? मी काय वेडी आहे? कॉलेज सोडून इथं नाचतेय, त्या दुकानदारासमोर जाऊन तुझं तोंड दाखवतेय, आणि तू?"

तिनं बघितलं. चष्मा नव्हता तरी तिला कळलं.

"आवाज तर केला ना मी," ती म्हणाली.

"आवाज! त्याला आवाज?"

"त्याच्यासमोर खोटं कसं बोलू?" ती उठून बसली. "तुझ्यासमोर बोलता येतं. तू नुसतं ऐकतेस. तो बघतो. माझ्या तोंडावर खोटं आलं की त्याला कळतं, तो पाच वर्षांचा असल्यापासून कळतं."

"म्हणजे तुला अजूनही वाटत नाही चुकलं म्हणून?"

"बोलायला नको होतं. ते चुकलं. पण वाटलं होतं ते वाटलंच होतं, ते काय चुकलं म्हणू? त्याला 'आई' म्हणता यायला सात वर्षं लागली, तू नव्हतीस तेव्हा. ओरडले, मारलं, उपाशी ठेवलं एकदा. परत कुणा बाईवर ती वेळ यावी असं नव्हतं वाटत मला. आणि आता ती पोरगी बघते मी तुझ्या फोनमध्ये. तिलाही ऐकू येत नाही, आणि काही अडलं का तिचं? नोकरी करते, स्कूटी फिरवते, एवढी हसते. ती नसावी असं मी म्हणाले होते. मला लाज वाटते गं. चुकलं हा शब्दच पुरत नाही, म्हणून तो तोंडातून निघत नाही."

"मग हे बोल! हेच्च बोल!"

"असलं कुणी बोलतं का लग्नाच्या तोंडावर?"

मी दोन सेफ्टी पिना आणल्या आणि तिचा पदर एकदा खांद्याला आणि एकदा कमरेला टोचून टाकला. "बांध, म्हातारीला बांधून ठेव," ती म्हणाली, पण हात हलवला नाही. खुर्ची, खिडकी, तक्ता, फोन, बोट दाबून कुलूप. दोनदा कुलूप निसटलं.

ती बोलली. मारलेलं, उपाशी ठेवलेलं बोलली, लाजेचं बोलली. शेवटी म्हणाली, तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस, मी तेच म्हणाले होते. हात मांडीवर होते तिचे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. तोंडावर सगळा उजेड होता आणि डोळ्यांतून पाणी येत असतानाही ओठ ती नीट, सावकाश, वेगवेगळे हलवत होती. मी काहीही न कापता पाठवून दिलं.

अर्धा तास गेला, तास गेला. त्यानं पाहिलं होतं, ती खूण फोनवर आली होती, पण उत्तर नाही. आई विचारत राहिली, "काय म्हणतो? काय म्हणतो?" चार वाजता आलं. आईला आण. आदल्या दिवशीच आण, हळदीला. गाडी पाठवतो.

मी वाचून दाखवलं. आईनं पिना काढायला सुरुवात केली, तिला ते जमेना, मीच काढल्या. इतकी हलकी झाले होते की तिच्यासाठी चहा टाकत होते आणि एकटीच हसत होते. तेवढ्यात फोन परत वाजला.

आता तू.

मी लिहिलं, काय मी?

आईनं आपलं सांगितलं. तू तिच्या शेजारी होतीस. ती बोलल्यावर तू काय म्हणालीस तेही मला दिसलं होतं. बस खुर्चीवर.

चहा उतू गेला. आई बाहेरून विचारत होती, आता काय म्हणतो. मी गॅस बंद केला, हॉलमध्ये आले, तिच्या हातात फोन दिला, माझ्या तोंडावर बोट कसं दाबून धरायचं ते तिला दाखवलं, आणि खुर्चीवर बसले. सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट कुणालाही सांगताना आईच्या वाक्यापाशी थांबत आले आहे. त्यापुढं माझं वाक्य होतं. मी हसले होते आणि म्हणाले होते, "हौ, तेवढं तरी देवाला कळत असेलच की."